हायड्रोजन बंध आणि उत्कलनबिंदू

हायड्रोजन बंध हे रेणूरेणूंमधील एका विशिष्ट आकर्षणाचे नाव असून, ज्या संयुगांत हे आकर्षण प्रबळ असते त्यांचे उत्कलनबिंदू रेणुभारावरून बांधलेल्या अंदाजापेक्षा पुष्कळ वर असतात. पाणी हे याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. पाण्याचा रेणुभार अवघा १८ आहे, तरी ते १०० अंशांना उकळते. उलट त्याच कुळातील हायड्रोजन सल्फाइड जवळजवळ दुप्पट जड, म्हणजे ३४ रेणुभाराचे असूनही उणे ६० अंशांनाच उकळते आणि नेहमीच्या तापमानाला केवळ वायुरूपात आढळते. हायड्रोजन बंधांचा परिणाम मात्र सर्वत्र सारखा नसतो. बंध किती बळकट आहे एवढ्यावर तो ठरत नाही. प्रत्येक रेणूच्या वाट्याला असे किती बंध येतात, आणि द्रवाची वाफ होताना त्यांतील किती खरोखर तुटतात, यांवर तो मुख्यतः अवलंबून असतो. (या लेखातील सर्व तापमाने सेल्सिअस मापातील आहेत.)

## संज्ञा

द्रवाचा बाष्पदाब ज्या तापमानाला बाहेरील दाबाइतका होतो, त्या तापमानास त्या द्रवाचा उत्कलनबिंदू म्हणतात. मराठी पुस्तकांत उत्कलनांक आणि उकळबिंदू हे शब्दही याच अर्थाने येतात. बाहेरील दाब बदलला की उत्कलनबिंदूही बदलतो. समुद्रसपाटीवर १०० अंशांना उकळणारे पाणी १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर ९४ ते ९५ अंशांनाच उकळू लागते. म्हणून दोन संयुगांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच दाबाचे असावे लागतात. येथे दिलेले आकडे एक वातावरण दाबाचे, म्हणजे पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतक्या दाबाचे आहेत.

हायड्रोजनचा अणू फ्लोरिन, ऑक्सिजन किंवा नायट्रोजन यांपैकी एखाद्या अणूशी सहसंयुज बंधाने जोडलेला असला, की बंधातील इलेक्ट्रॉनांची जोडी त्या दुसऱ्या अणूकडे बरीच ओढली जाते. पाउलिंग यांच्या मापाने हायड्रोजनची विद्युतऋणता २.२०, नायट्रोजनची ३.०४, ऑक्सिजनची ३.४४ आणि फ्लोरिनची ३.९८ आहे. हायड्रोजनजवळ हा एकच इलेक्ट्रॉन असतो. तोही दूर सरकल्यामुळे त्याचे केंद्रक जवळजवळ उघडे पडते. शेजारच्या रेणूतील ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा फ्लोरिन यांच्यावर असलेली मोकळी, म्हणजे बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी या उघड्या पडलेल्या हायड्रोजनला आपल्याकडे खेचते. हे खेचणे म्हणजेच हायड्रोजन बंध. ज्या रेणूतील हायड्रोजन यात भाग घेतो त्यास दाता आणि इलेक्ट्रॉनांची जोडी पुरवणाऱ्या रेणूस ग्राही म्हणतात.

‘बंध’ हा शब्द येथे काहीसा दिशाभूल करणारा आहे, हे नमूद करणे इष्ट ठरेल. हायड्रोजनच्या दोन अणूंना जोडणारा तो हायड्रोजन बंध, असा समज अनेक विद्यार्थ्यांचा होतो. तसेच ज्या संयुगात हायड्रोजन आहे त्यात हायड्रोजन बंध असणारच, असेही धरले जाते. हे दोन्ही समज चुकीचे होत. मिथेनच्या रेणूत हायड्रोजनचे चार अणू आहेत. पण कार्बनची विद्युतऋणता २.५५, म्हणजे हायड्रोजनच्या बरीच जवळची असल्याने त्यांतील एकही हायड्रोजन पुरेसा उघडा पडत नाही, आणि कार्बनवर मोकळी जोडीही नसते. केवळ विद्युतऋणता अधिक असणेही पुरेसे नाही. क्लोरिनची विद्युतऋणता ३.१६, म्हणजे नायट्रोजनपेक्षा किंचित अधिकच आहे; तथापि क्लोरिनचा अणू आकाराने मोठा असल्यामुळे त्याच्या मोकळ्या जोड्या विरळ पसरलेल्या असतात आणि त्याचे हायड्रोजन बंध दुबळे ठरतात.

## उकळताना काय तुटते

पाणी उकळते तेव्हा पाण्याचे रेणू फुटत नाहीत. वाफेतही पाण्याचेच रेणू असतात. बुडबुड्यांत हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू असतात ही समजूत निराधार आहे. रेणूच्या आतील ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा सहसंयुज बंध तोडण्यास मोलामागे सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा लागते, तर दोन रेणूंमधील हायड्रोजन बंध तोडण्यास सुमारे २० किलोज्यूल पुरतात. लांबीतही असाच फरक दिसतो. रेणूच्या आतील बंध ०.०९६ नॅनोमीटर लांबीचा, तर हायड्रोजन बंधातील हायड्रोजनपासून शेजारच्या ऑक्सिजनपर्यंतचे अंतर सुमारे ०.१८ नॅनोमीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट असते.

एक मोल, म्हणजे १८ ग्रॅम पाण्याची १०० अंशांना वाफ करण्यास ४०.७ किलोज्यूल उष्णता लागते. त्याच पाण्यातील सर्व सहसंयुज बंध तोडायचे झाल्यास ९०० किलोज्यूलांहून अधिक ऊर्जा खर्ची पडेल. पाण्याच्या प्रत्येक रेणूमागे सरासरी दोन हायड्रोजन बंध धरले, तर दोन गुणिले वीस हा हिशेब ४०.७ या आकड्याशी ढोबळमानाने जुळतो. हा मेळ ढोबळच समजावा. १०० अंशांपर्यंत तापलेल्या पाण्यातील काही बंध आधीच सैल झालेले असतात आणि रेणूंमध्ये इतर आकर्षणेही कार्यरत असतात. पण खर्चाचा मोठा वाटा कोठे जातो हे त्यावरून उमगते. माठातील पाणी थंड राहते तेही याच मोठ्या खर्चामुळे. माठाच्या सच्छिद्र भिंतीतून झिरपलेल्या पाण्याचे बाष्पीभवन होण्यास लागणारी उष्णता उरलेल्या पाण्यातून घेतली जाते.

हायड्रोजन बंध नसले तरी रेणूरेणूंमध्ये आकर्षण असतेच. ध्रुवीय रेणूंची धन आणि ऋण टोके एकमेकांस ओढतात. शिवाय इलेक्ट्रॉनांच्या सततच्या हालचालीमुळे क्षणभर निर्माण होणाऱ्या ध्रुवीयतेतून एक आकर्षण उद्भवते; फ्रिट्झ लंडन यांच्या नावावरून त्यास लंडन बल म्हणतात. हे बल प्रत्येक पदार्थात असते आणि रेणूतील इलेक्ट्रॉनांची संख्या वाढत जाईल तसे वाढते. म्हणून एखाद्या कुळात खाली खाली जाताना उत्कलनबिंदू चढत जाणे हा सामान्य नियम होय. हायड्रोजन बंधाचा प्रभाव ओळखायचा तो या नियमाला अपवाद कोठे पडतो हे पाहून.

## आवर्त सारणीतील पुरावा

पुढील कोष्टकात चार गणांतील मूलद्रव्यांच्या हायड्राइडांचे उत्कलनबिंदू जवळच्या पूर्णांकात दिले आहेत.

| आवर्त | गण १४ | गण १५ | गण १६ | गण १७ |
|---|---|---|---|---|
| २ | मिथेन −१६२ | अमोनिया −३३ | पाणी १०० | हायड्रोजन फ्लोराइड २० |
| ३ | सिलेन −११२ | फॉस्फीन −८८ | हायड्रोजन सल्फाइड −६० | हायड्रोजन क्लोराइड −८५ |
| ४ | जर्मेन −८८ | आर्सीन −६२ | हायड्रोजन सेलेनाइड −४१ | हायड्रोजन ब्रोमाइड −६७ |
| ५ | स्टॅनेन −५२ | स्टिबीन −१७ | हायड्रोजन टेल्युराइड −२ | हायड्रोजन आयोडाइड −३५ |

गण १४ मधील आकडे वरून खाली नियमाने चढत जातात. तेथे हायड्रोजन बंध नाहीत. उरलेल्या तिन्ही गणांत तिसऱ्या आवर्तापासून खाली हाच चढता क्रम आहे, परंतु सर्वांत हलके असलेले पहिले संयुग क्रम मोडून एकदम वर गेलेले दिसते. गण १६ मधील खालच्या तीन आकड्यांची रेषा मागे वाढवली, तर पाण्याचा उत्कलनबिंदू उणे ७० ते उणे ८० अंशांच्या आसपास येतो. प्रत्यक्षात तो १००, म्हणजे सुमारे १७० ते १८० अंशांनी अधिक आहे. हायड्रोजन बंध नसते, तर पृथ्वीवरील तापमानात समुद्र, नद्या आणि प्राण्यांच्या शरीरातील रस यांपैकी काहीच द्रवरूपात टिकले नसते.

हायड्रोजन सल्फाइडचा वायुरूप स्वभाव ही केवळ कोष्टकापुरती गोष्ट नाही. मलवाहिन्या आणि सेप्टिक टँक यांत हवेविना चालणाऱ्या कुजण्यातून जीवाणू हा वायू निर्माण करतात. त्याच्या रेणूंना एकमेकांत जखडून ठेवणारे बळकट बंध नसल्याने तो गाळातून आणि सांडपाण्यातून सहज सुटतो, आणि हवेपेक्षा किंचित जड असल्याने बंदिस्त जागेत तळाशी साठतो. मॅनहोलमध्ये उतरलेल्या सफाई कामगारांचा क्षणात मृत्यू होण्याच्या घटनांमागे अनेकदा हाच वायू असतो. थोड्या प्रमाणात असताना त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. पण प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते, त्यामुळे वास येत नाही म्हणून धोका नाही, असे मानणे घातक ठरते.

हायड्रोजन सल्फाइडमध्ये हायड्रोजन बंध मुळीच नसतात असे मात्र म्हणता येत नाही. अतिशय थंड अवस्थेत त्याचे दोन रेणू हायड्रोजन बंधानेच जोडले जातात, हे २०१८ मध्ये सूक्ष्मतरंग वर्णपटाच्या अभ्यासातून दाखवले गेले. हा बंध इतका दुबळा असतो, की उत्कलनबिंदूवर त्याची छाप पडत नाही.

## पाणी, हायड्रोजन फ्लोराइड आणि अमोनिया

फ्लोरिनची विद्युतऋणता सर्वाधिक असल्याने हायड्रोजन फ्लोराइडमधील एकेक हायड्रोजन बंध पाण्यातील बंधापेक्षा बळकट असतो. असे असूनही ते २० अंशांना, म्हणजे पाण्यापेक्षा ८० अंश आधीच उकळते. हा प्रश्न परीक्षेत वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा अर्धेच लिहिले जाते.

उत्तराचा पहिला भाग संख्येचा आहे. पाण्याच्या रेणूत देण्याजोगे दोन हायड्रोजन आहेत आणि ऑक्सिजनवर घेण्याजोग्या दोन मोकळ्या जोड्या आहेत. देणे आणि घेणे यांची अशी बरोबरी असल्याने एका रेणूभोवती चार हायड्रोजन बंध होऊ शकतात. प्रत्येक बंध दोन रेणूंच्या सामाईक मालकीचा असल्याने रेणूमागे वाटा दोन बंधांचा येतो. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये मोकळ्या जोड्या तीन, पण हायड्रोजन एकच. त्यामुळे दोन जोड्या रिकाम्या राहतात आणि रेणूमागे सरासरी एकच बंध पडतो. अमोनियात परिस्थिती नेमकी उलट आहे. तेथे हायड्रोजन तीन आणि मोकळी जोडी एक, म्हणून पुन्हा सरासरी एकच बंध. शिवाय नायट्रोजनची विद्युतऋणता तिघांत कमी असल्याने तो बंध सर्वांत दुबळा. पाण्यात बंधांचे जाळे तिन्ही दिशांनी पसरते, तर हायड्रोजन फ्लोराइडमध्ये रेणूंच्या नागमोडी साखळ्या तयार होतात.

दुसरा भाग बहुधा राहून जातो. हायड्रोजन फ्लोराइड उकळले म्हणजे त्यातील सर्व बंध तुटले असे होत नाही. त्याच्या वाफेतही, विशेषतः उत्कलनबिंदूजवळ, अनेक रेणू एकत्र बांधलेले समूह असतात. सहा रेणूंची कडी हा त्यांतील एक प्रमुख प्रकार. म्हणजे बंध बळकट आहेत हे खरे, पण त्यांतील बरेचसे न तोडताच रेणू गटागटाने द्रवातून बाहेर पडू शकतात. याची साक्ष बाष्पीभवनाच्या उष्णतेत मिळते. हायड्रोजन फ्लोराइडच्या २० ग्रॅमची, म्हणजे एका रेणुभाराइतक्या वजनाची वाफ करण्यास अवघे सुमारे ७.५ किलोज्यूल लागतात. ज्याचे बंध दुबळे म्हणून सांगितले जातात त्या अमोनियाला मोलामागे सुमारे २३ आणि पाण्याला ४०.७ किलोज्यूल लागतात. बंधाच्या बळाकडेच पाहणाऱ्यास हे आकडे उलटसुलट वाटतील. पण उत्कलनबिंदू हा द्रव आणि वाफ या दोन अवस्थांमधील फरकावर ठरतो, हे ध्यानी घेतल्यास त्यांत विसंगती उरत नाही.

## कार्बनी संयुगे

कार्बनी संयुगांची संख्या अफाट असल्याने त्यांत जवळजवळ समान रेणुभाराची, पण भिन्न रचनेची संयुगे निवडून तुलना करता येते. लंडन बलांचा हिशेब त्यामुळे बराचसा बाजूला राहतो. सुमारे ६० रेणुभाराची पुढील संयुगे पाहावीत. ब्युटेन उणे १ अंशाला उकळते, ट्रायमिथाइल अमाइन ३ अंशांना, मिथाइल फॉर्मेट ३२ ला, प्रोपिल अमाइन ४८ ला, ॲसिटोन ५६ ला, प्रोपेनॉल ९७ ला, ॲसिटिक आम्ल ११८ ला, इथिलीन ग्लायकॉल १९७ ला आणि ॲसिटामाइड २२१ अंशांना. वजन जवळजवळ तेच, आणि उत्कलनबिंदूंत मात्र २२० अंशांची तफावत.

या मालिकेतील काही शेजाऱ्यांकडे बारकाईने पाहणे उपयुक्त ठरते. ट्रायमिथाइल अमाइन आणि प्रोपिल अमाइन हे समघटक आहेत, म्हणजे दोहोंत अणू तेच आणि तितकेच आहेत. पहिल्यात नायट्रोजनला एकही हायड्रोजन जोडलेला नाही. त्यामुळे ते ग्राही होऊ शकते, पण दाता होऊ शकत नाही, आणि स्वतःच्याच रेणूंशी हायड्रोजन बंध करू शकत नाही. दुसऱ्यात असे दोन हायड्रोजन आहेत. ४५ अंशांचा फरक यातून पडतो. मात्र प्रोपिल अमाइनपेक्षा ॲसिटोन अधिक तापमानाला उकळते, हेही तितकेच लक्षणीय आहे. ॲसिटोनमध्ये आपसांत हायड्रोजन बंध नाहीत, पण त्याचा रेणू बराच ध्रुवीय आहे. नायट्रोजनचा दुबळा हायड्रोजन बंध आणि तीव्र ध्रुवीयता यांच्या चढाओढीत येथे ध्रुवीयता वरचढ ठरते. हायड्रोजन बंध असलेले संयुग नेहमीच वर असणार, असा सरसकट नियम करता येत नाही.

इथेनॉल आणि डायमिथाइल इथर यांची जोडी पाठ्यपुस्तकांत हमखास आढळते. दोन्हींचा रेणुभार ४६. इथेनॉल ७८ अंशांना आणि इथर उणे २४ अंशांना उकळते. तितकीच बोलकी दुसरी जोडी इथेनॉल आणि इथाइल मरकॅप्टन यांची आहे. इथेनॉलमधील ऑक्सिजनच्या जागी गंधक ठेवले की इथाइल मरकॅप्टन होते. त्याचा रेणुभार ६२, म्हणजे इथेनॉलपेक्षा अधिक, तरी ते ३५ अंशांनाच उकळते. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात हेच उग्र वासाचे द्रव्य अत्यल्प प्रमाणात मिसळतात. ते सहज वाफ होऊन गॅसबरोबर बाहेर येते, याला गंधकाच्या दुबळ्या हायड्रोजन बंधांचाही हातभार आहे.

हायड्रॉक्सिल गटांची संख्या वाढली की उत्कलनबिंदू झपाट्याने चढतो. प्रोपेनॉलमध्ये असा एक गट असून ते ९७ अंशांना उकळते. ग्लिसरॉलमध्ये कार्बनचे अणू तितकेच, पण हायड्रॉक्सिल गट तीन आहेत आणि त्याचा उत्कलनबिंदू सुमारे २९० अंश आहे. त्या तापमानाला ग्लिसरॉलचे विघटनही होऊ लागते, म्हणून ते शुद्ध करताना दाब कमी करून ऊर्ध्वपातन करतात.

हायड्रॉक्सिल गट रेणूत कोठे बसला आहे, यानेही फरक पडतो. ब्युटेनॉलचे चार समघटक आहेत. सरळ साखळीच्या टोकाला गट असलेले ११८ अंशांना उकळते. ज्यात गट तीन मिथाइल गटांच्या मधोमध कोंडलेला आहे असे तृतीयक ब्युटेनॉल ८२ अंशांनाच उकळते. शेजारच्या रेणूला तेथवर पोचण्यास अडचण होते, आणि रेणूचा आकार गोलसर झाल्याने लंडन बलेही कमी होतात. उरलेले दोन समघटक या दोहोंच्या दरम्यान येतात.

## रेणूच्या आतच जुळणारा बंध

दाता आणि ग्राही हे दोन्ही गट एकाच रेणूत शेजारीशेजारी असतील, तर हायड्रोजन बंध बाहेरच्या रेणूशी न होता आतल्या आत होऊ शकतो. अशा बंधाने उत्कलनबिंदू वाढत नाही. उलट बाहेर बंध करण्याची क्षमता आतच खर्ची पडल्याने तो कमी राहतो. नायट्रोफिनॉल हे याचे प्रमाणभूत उदाहरण होय. ऑर्थो-नायट्रोफिनॉलमध्ये हायड्रॉक्सिल आणि नायट्रो हे गट शेजारी असल्याने त्यांच्यात बंध जुळून एक कडी तयार होते. पॅरा-नायट्रोफिनॉलमध्ये ते बेंझीनच्या कड्याच्या समोरासमोरील टोकांना असतात, म्हणून त्यांना शेजारच्या रेणूंशीच बंध करावे लागतात. ऑर्थो समघटक सुमारे २१५ अंशांना उकळतो, तर पॅरा समघटक २७९ अंशांच्या सुमारास, तोही विघटन होत होत. फिनॉलपासून हे दोन्ही एकत्र तयार होतात. त्या मिश्रणातून पाण्याची वाफ सोडली असता ऑर्थो समघटक वाफेबरोबर निघून येतो आणि पॅरा समघटक भांड्यात राहतो. महाविद्यालयीन प्रयोगशाळांत ते वेगळे करण्याची रीत यावरच आधारलेली आहे.

## वाफेतही न सुटणारी जोडी

ॲसिटिक आम्लाचे दोन रेणू समोरासमोर येऊन एकमेकांशी एकाच वेळी दोन हायड्रोजन बंध करतात. अशा जोडीस द्विवारिक म्हणतात. व्हिनेगरला आंबटपणा देणारे हे आम्ल ११८ अंशांना उकळते. त्याचा समघटक असलेले मिथाइल फॉर्मेट ३२ अंशांना. पण उकळत्या ॲसिटिक आम्लाच्या वाफेची घनता मोजली, तर ती एकट्या रेणूंच्या वाफेहून बरीच अधिक भरते, कारण वाफेतही मोठ्या संख्येने द्विवारिके असतात. म्हणजे द्रवातून बाहेर पडताना पुष्कळ रेणू जोडीनेच जातात आणि जोडीतील दोन बंध शाबूत राहतात. त्यामुळे या आम्लाचा उत्कलनबिंदू चढतो त्याचे कारण काहीसे निराळे आहे. वाफ होणारा घटक बऱ्याच अंशी १२० रेणुभाराची जोडी असते, म्हणून तो सुटण्यास अधिक तापमान लागते.

याची पडताळणी ट्राउटनच्या नियमाने करता येते. बहुतेक सामान्य द्रवांच्या बाबतीत बाष्पीभवनाच्या मोलीय उष्णतेस केल्व्हिन मापातील उत्कलनबिंदूने भागल्यास भागाकार ८५ ते ८८ ज्यूलच्या जवळपास येतो. बेंझीनचा तो सुमारे ८७ आहे. पाण्याचा आणि इथेनॉलचा सुमारे ११० येतो, कारण द्रवात बंधांमुळे असलेली व्यवस्था वाफेत पूर्णपणे मोडते. ॲसिटिक आम्लाचा मात्र ६० च्या आसपास आणि हायड्रोजन फ्लोराइडचा २६ च्या आसपास येतो; तेथे व्यवस्थेचा काही भाग वाफेतही तसाच राहतो. हायड्रोजन बंध असलेली दोन संयुगे नियमाच्या वर आणि दोन खाली जातात, ही गोष्ट शालेय पुस्तकांत सहसा येत नाही. पण हा विषय समजण्यास तिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही.

## मिश्रणे

दोन द्रव मिसळल्यावर त्यांच्या रेणूंमध्ये परस्पर हायड्रोजन बंध होतात किंवा आधीचे मोडतात, आणि त्यानुसार मिश्रणाचा उत्कलनबिंदू बदलतो. ॲसिटोन ५६ आणि क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळते. दोन्ही विशिष्ट प्रमाणात मिसळल्यास मिश्रण सुमारे ६४ अंशांना, म्हणजे दोहोंपेक्षाही वर उकळते. क्लोरोफॉर्ममधील कार्बनवर क्लोरिनचे तीन अणू असल्याने त्याचा हायड्रोजन, कार्बनला जोडलेला असूनही, पुरेसा उघडा पडतो आणि ॲसिटोनच्या ऑक्सिजनशी बंध करतो. कार्बनवरील हायड्रोजन कधीच बंध करत नाही, या विधानास हा अपवाद आहे.

इथेनॉल आणि पाणी यांच्या बाबतीत उलट घडते. इथेनॉलची कार्बनी बाजू पाण्याच्या बंधजाळ्यात नीट सामावत नाही. वजनाने सुमारे ९५.६ टक्के इथेनॉल असलेले मिश्रण ७८.२ अंशांना, शुद्ध इथेनॉलच्याही किंचित आधी, एकाच घटकाप्रमाणे उकळते आणि साध्या ऊर्ध्वपातनाने त्यातील उरलेले पाणी निघत नाही. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी निर्जल इथेनॉल लागते. म्हणून महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांत शेवटचे पाणी काढण्यास आण्विक चाळण्यांसारखे वेगळे उपाय योजावे लागतात.

मिथेनॉल या विषारी द्रव्याविषयीचा एक समज येथे दूर करणे आवश्यक आहे. मिथेनॉल ६५ अंशांना आणि इथेनॉल ७८ अंशांना उकळते, तेव्हा दारू उकळली किंवा ऊर्ध्वपातनाचा पहिला भाग फेकून दिला की मिथेनॉल निघून जाते, असे सांगितले जाते. हे आकडे शुद्ध द्रवांचे आहेत. पाण्यात मिसळलेल्या मिथेनॉलचे रेणू पाण्याशी हायड्रोजन बंधांनी जखडलेले असतात, आणि त्याची कार्बनी बाजू लहान असल्याने ते पाण्यात इथेनॉलपेक्षाही सहज सामावते. पाणी पुष्कळ असलेल्या द्रवातून मिथेनॉल इथेनॉलच्या आधी तर निघत नाहीच, ते मागेही रेंगाळते. मुंबईतील मालवणी येथे २०१५ मध्ये मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. मिथेनॉल मिसळलेली दारू घरगुती उपायाने निर्धोक करता येत नाही.

## संकल्पनेचा विकास

हायड्रोजनमुळे दोन रेणूंमध्ये दुबळा बंध होऊ शकतो, ही कल्पना १९१२ मध्ये मूर आणि विनमिल यांच्या अमाइनांवरील कामात आढळते. पाण्याच्या गुणधर्मांशी तिची सांगड १९२० मध्ये बर्कली येथील वेंडेल लॅटिमर आणि वर्थ रोडबुश यांनी घातली. लायनस पाउलिंग यांच्या १९३९ मधील रासायनिक बंधावरील प्रसिद्ध ग्रंथामुळे ती सर्वत्र रुजली. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०११ मध्ये हायड्रोजन बंधाची नवी व्याख्या प्रसिद्ध केली. ती सिद्ध करणाऱ्या गटाचे नेतृत्व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ई. अरुणन यांनी केले. या व्याख्येत फ्लोरिन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन या तिघांपुरती मर्यादा घातलेली नाही. शालेय पातळीवर तीन मूलद्रव्यांचा नियम सोयीचा असला तरी तो उत्कलनबिंदूवर ठळक परिणाम करणाऱ्या बंधांचा नियम समजावा.

## प्रभावाच्या मर्यादा

कोष्टकातील अमोनिया आणि स्टिबीन यांचे आकडे पुन्हा पाहिल्यास असे दिसेल, की हायड्रोजन बंध असलेला अमोनिया उणे ३३ अंशांना, तर हायड्रोजन बंध नसलेले स्टिबीन उणे १७ अंशांना उकळते. रेणू पुरेसा मोठा झाला की लंडन बले हायड्रोजन बंधावर मात करतात. पेट्रोलमधील ऑक्टेनमध्ये हायड्रोजन बंध नाहीत, तरी सरळ साखळीचे ऑक्टेन १२६ अंशांना, पाण्यापेक्षा वर उकळते.

अल्कोहोलांच्या श्रेणीत ही ओहोटी क्रमाने दिसते. मिथेनॉल आणि त्याच्याच वजनाचे इथेन यांच्या उत्कलनबिंदूंत सुमारे १५४ अंशांचे अंतर आहे. इथेनॉल आणि प्रोपेन यांच्यात ते १२० वर येते, ब्युटेनॉल आणि पेंटेन यांच्यात ८२ वर, ऑक्टेनॉल आणि नोनेन यांच्यात ४४ वर. हायड्रॉक्सिल गट एकच राहतो आणि कार्बनची साखळी लांबत जाते, तसा त्या गटाचा वाटा घटत जातो.

दुसऱ्या टोकाला असे पदार्थ आहेत, ज्यांत हायड्रोजन बंध इतके जास्त असतात की त्यांना उत्कलनबिंदूच नसतो. साखरेच्या एका रेणूत आठ हायड्रॉक्सिल गट असतात. कोरडी साखर तापवली तर ती वितळते, तांबूस होते, करपते. पण तिची वाफ होत नाही. शेजारच्या रेणूंनी धरून ठेवलेला साखरेचा रेणू सुटण्याइतकी उष्णता मिळण्यापूर्वीच त्याच्या आतील सहसंयुज बंध तुटू लागतात आणि साखर साखर राहत नाही.